तोंडाची एकादशी

मला दुसऱ्यांबद्दल बोलायला आवडतं. आता साठी उलटल्यावर लपवायचं काय? शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातल्या सगळ्या मधल्या सुट्ट्या मुख्याध्यापकांविषयी बोलण्यात घालवल्या. कुणाची सून कशी, कुणाचा जावई कुठं अडकला, हे ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे. अशा बाईला देवानं शेजार दिला तो द्वारकामावशीचा. मिठाईच्या दुकानाला लागून दातांच्या डॉक्टरनं दवाखाना थाटावा, तसं ते झालं.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमची तीन क्वार्टरं एका लांब व्हरांड्यात होती. कडेचं माझं; आमचे मिस्टर लोको शेडला होते. मधलं मावशीचं. पलीकडचं कमळाबाईंचं, त्यांचे यजमान वारले होते आणि मुलगा प्रकाश कॅरेज शेडमध्ये लागला होता. भिंती अशा पातळ, की मावशीनं लसूण ठेचला तर माझ्या फळीवरचे कप हलायचे. मावशी मूळची वडगाव रासाईची, भीमाकाठची. नवरा रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता, तो गेल्यावर तिला जंक्शनवर नोकरी मिळाली, बायकांच्या वेटिंगरूमची आया म्हणून. बुटकी, सावळी, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि हातात सदैव काहीतरी: फडकं, खराटा, नाहीतर कुणा प्रवासी बाईचं रडणारं पोर.

तिची वेटिंगरूम पाहायला लांबून यावं अशी होती. चोवीस तास गाड्या, शेकडो बायका, पण फरशीवर पाय ठेवताना चप्पल काढावीशी वाटायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, अहो आत्ता तर पुसलंत, परत काय?"

"फरशी मळली म्हणून पुसत न्हाई बाई," ती म्हणाली, "मळणारच हाय म्हणून पुसते."

असं काहीतरी ती बोलून जायची आणि वर बादली उचलून चालू लागायची. आपण शहाणपणाचं बोललो हे तिच्या गावीही नसे. मी मात्र दुसऱ्या दिवशी ते वर्गात आपलं म्हणून सांगायची.

आता तिच्या एकादशीविषयी. माहेरापासून ती दोन्ही एकादश्या कडकडीत करायची. मग पोटात जळजळायला लागलं, रेल्वेच्या दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांनी सांगितलं की अल्सर आहे, वेळेवर जेवायचं, उपास बंद. मावशी दोन दिवस सुतकात असल्यासारखी बसली. तिसऱ्या दिवशी उठली ती नवा नेम घेऊनच.

"पोटाचा उपास डॉक्टरनं बंद केला," तिनं मला सांगितलं, "मग आता तोंडाचा धरलाय. एकादशीला सूर्य उगवल्यापासनं द्वादशीचा सूर्य उगवस्तवर कुणाबद्दल वाईट बोलायचं न्हाई. भाकरी खायची, पर माणूस खायचं न्हाई."

मी हसले. एक दिवस गप्प बसण्यात काय मोठंसं! पण करून पाहिलं तेव्हा सकाळी साडेसात वाजताच माझा उपास मोडला, तोही दूधवाल्यावरून.

मावशीचा नेम पक्का होता. बोलायचं तर नाहीच, पण ऐकायचंही नाही. एकादशीला मी व्हरांड्यात येऊन "अहो, काल काय झालं माहितीय का" म्हटलं, की ती उठून नळ सोडायची. धो धो पाणी बादलीत, आणि माझी बातमी हवेत. पुढं पुढं माझ्याकडे कॅलेंडर नसलं तरी चालायचं. मावशीचा नळ जोरात वाजला की एकादशी.

चूक झाली तर प्रायश्चित्तही ठरलेलं होतं, आणि सगळी गंमत त्यातच होती. उपासाच्या दिवशी एखाद्याबद्दल वाकडा शब्द निघालाच, तर द्वादशीला त्याच माणसाच्या घरी वाटीभर शिरा पोचवायचा. साजूक तुपातला, वर वेलदोडा. का आणला ते सांगायचं नाही. पण कॉलनीत काही लपून राहतं का? महिन्याभरात सगळ्यांना कळलं, की द्वारकामावशीकडून शिरा आला म्हणजे काल तिनं आपल्याला शिव्या घातल्या. माणसं वाटी हातात घेऊन विचारात पडायची. बुकिंगमधला एक क्लार्क तर तिच्या मागेच लागला, "मावशी, शिरा झकास होता, पण काय बोललात तेवढं सांगा." मावशी म्हणाली, "ते सांगितलं तर परत शिरा करावा लागंल."

स्टेशनवर तेव्हा एक इन्स्पेक्टर आला होता. त्याला ओरडल्याशिवाय अन्न पचत नसे. एका एकादशीला त्यानं भर प्लॅटफॉर्मवर मावशीला झापलं, नळाची तोटी गळत होती म्हणून. तोटी दुरुस्त करणं हे मावशीचं काम नव्हतंच. पार्सल ऑफिसातल्या टोळक्यानं संधी साधली. चहा मागवला, मावशीला मधे बसवलं, आणि एकेकानं इन्स्पेक्टरच्या सात पिढ्या काढल्या. मावशी भजं खात ऐकत राहिली. इथं नळ नव्हता. शेवटी एकानं थेट विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं या माणसाबद्दल?"

मावशीनं घास गिळला. म्हणाली, "आवाज चांगला हाय. गाडी आल्याचं त्यांनीच सांगितलं तरी चालंल, लाऊडस्पीकरची वीज वाचंल."

टोळकं खिंकाळलं. ही निंदा की स्तुती, यावर तिथं अर्धा तास वाद झाला. मावशीनं निकाल स्वतःच दिला: "बोलताना मला बरं वाटलं. म्हंजी निंदाच." आणि द्वादशीला इन्स्पेक्टरच्या टेबलावर शिरा. त्या बापड्याला रीत ठाऊक नव्हती. त्यानं डोळ्यांत पाणी आणून सगळ्या स्टाफला सांगितलं, "या स्टेशनात एवढी एकच बाई मला मानते." लोकांनी तोंडात रुमाल कोंबले. पण खरं सांगते, त्या दिवसापासून तो मावशीशी हळू आवाजात बोलू लागला, आणि तोटीही बदलली.

पुढं घराघरात टीव्हीवर मालिका सुरू झाल्या, तेव्हा मावशीपुढं नवीनच पेच पडला. आमच्याकडं टीव्ही बघायला आली असताना मालिकेतल्या दुष्ट जावेला तिच्या तोंडून "काय बया हाय, भाजली न्हाई का कुणी हिची जीभ" असं निघून गेलं, आणि त्या दिवशी एकादशी. मी म्हटलं, "ती खोटी बाई आहे हो, नाटकातली."

"बाई खोटी हाय," मावशी म्हणाली, "पर माझी चव खरी हुती की!"

शिरा केला. पण पोचवायचा कुठं? शेवटी कॉलनीतल्या कुत्र्याला घातला. ते कुत्रं नंतर कितीतरी दिवस टीव्ही लागला की आमच्या दाराशी येऊन बसायचं.

कॉलनीतल्या मारुतीच्या देवळात एकदा एका महाराजांचं प्रवचन होतं. चित्तशुद्धीवर. महाराज विद्वान होते, तासभर संस्कृतच बोलले. शेवटी कुणाला शंका असल्यास विचारा म्हणाले, तर मावशी उभी राहिली. "म्हाराज, मन साफ झालं हे वळखायचं कसं?" महाराज पुन्हा वीस मिनिटं बोलले. परत येताना मी विचारलं, "समजलं का?" ती म्हणाली, "ते मोठे हायेत. मला आपलं वाटतं, मन म्हंजी माझी वेटिंगरूम. गाड्या येत्यात, बाया येत्यात, बसत्यात, जात्यात. येऊ नगा कसं म्हणायचं? फक्त कुणाला चूल मांडू द्यायची न्हाई." आणि थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "आन् साफ असलं की झोप लागती. येवढंच."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि मी नेतही होते. पण एका एकादशीनं आम्हा दोघींचीही परीक्षा घेतली. त्यात कोण पास झालं ते सांगते.

कमळाबाईंचा प्रकाश लग्नाचा झाला होता. दिसायला राजबिंडा, सरकारी नोकरी, एकुलता. एवढं कुणालाही दिसायचं. प्रकाश प्यायचा, हे आम्हा तीन दारांना ठाऊक होतं. नुसता प्यायचा नाही. प्यायला की भांडी भिरकावायचा, आणि एकदा त्यातला तांब्या कमळाबाईंच्या कपाळाला लागला होता. तसं झालं की त्या मागच्या दारानं मावशीच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या. मावशी काही विचारायची नाही, भाकरी थापून पुढं ठेवायची. त्या दोघी माहेरच्या बहिणींसारख्या होत्या. हे घराबाहेर जाऊ नये असं कमळाबाईंनी तिच्याकडून वदवून घेतलं होतं. माझ्याकडून घ्यायचं राहून गेलं, तरी मी ते फारसं कुठं बोलले नव्हते. शाळेत दोघी-तिघींना, एवढंच.

प्रकाशला शिरूरचं स्थळ आलं. मुलीचे वडील, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, त्यांचं शिरूरला एसटी स्टँडमागं शिवणकामाचं दुकान. सरळ माणूस. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं होतं, आणि त्याआधी गुरुवारी ते एकटेच, कुणाला न सांगता, चौकशीला दौंडला आले. शेजारी विचारल्याशिवाय मुलगी द्यायची नाही ही आपली रीत.

ते आधी माझ्या दारात आले. डोक्यावर टोपी, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिलेली. म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरीण. लेकीच्या जन्माचा सवाल हाय. मुलगा कसा आहे, खरं सांगा."

आणि मी, सगळ्या कॉलनीच्या कुंडल्या तोंडपाठ असलेली बाई, म्हणाले, "आम्ही इथं तसे नवीनच आहोत हो. शेजारी मावशी आहेत, त्यांना विचारा. त्या कधी खोटं बोलत नाहीत."

नवीन म्हणजे चार वर्षं झाली होती. त्या दिवशी एकादशी आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आले.

मी भिंतीला कान लावला. आप्पांनी तोच प्रश्न मावशीला केला. मला वाटलं, आता नळ सोडते की काय. मग ती म्हणाली, "पोरगा दिसायला चांगला हाय. नोकरी पक्की हाय. आई म्हंजी देवमाणूस, सुनंला लेकीवानी ठेवंल." सगळं खरं, एकही शब्द खोटा नाही. आप्पांचा आवाज एकदम मोकळा झाला. "मावशी, तुमच्या शब्दावर जातो. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलत न्हाई."

ते गेले. संध्याकाळी मी व्हरांड्यात आले तर मावशी पायरीवर बसलेली, समोर ताट, ताटात भाकरी तशीच. तिनं एकादशीला भाकरी टाकल्याचं मी प्रथमच पाहत होते.

"बाई," ती म्हणाली, "वेटिंगरूममधी नवी झाडूवाली आली की काय करती ठाव हाय का? आपली खोली लख्ख झाडती आन् केर शेजारच्या दारात लोटती. मी तिला वरडते. आज मी त्येच केलं. माझा उपास मोडू न्हाई म्हणून त्या पोरीच्या दारात केर लोटला."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही खोटं तर काही बोलला नाहीत." असं म्हणायला मला जड गेलं नाही, कारण त्यात माझीही सुटका होती.

"अर्धं खरं बोलले. आन् दुसरं अर्धं आपलं पुण्य ऱ्हावं म्हणून गिळलं. ह्याला काय साफ मन म्हणायचं का? साफ न्हाई, चकचकीत हाय नुसतं!" मग तिनं ताट झाकलं. "सकाळी शिरूरला जायचं. तुम्ही येता का? मला ते शिरूर नीट ठाव न्हाई."

मी किरकोळ रजा टाकली. भीतीनं टाकली की लाजेनं, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

पण सकाळी मावशी स्टँडवर जाण्याआधी कमळाबाईंच्या दारात गेली. मी व्हरांड्यातच होते. कमळाबाई तांदूळ निवडत होत्या.

"कमळे, मी शिरूरला चाललेय. काल त्या माणसाला अर्धं सांगितलं, राहिलेलं सांगून येते. तुला इचारायला न्हाई आले. तुझ्या माघारी बोलायचं न्हाई म्हणून सांगायला आले."

कमळाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. काळजात चर्र व्हावं असा त्यांचा चेहरा झाला. लग्न झालं की पोरगा सुधारेल, या एका आशेवर ती बाई दिवस काढत होती.

"तू मला शब्द दिला हुता, द्वारके."

"दिला हुता. मोडते."

"जा मग. आन् परत माझ्या दारात पाय ठिवू नगं."

"ठिवीन. शिरा घिऊन यीन."

"गटारात टाकीन तुझा शिरा!"

"टाक," मावशी म्हणाली, "वाटी तेवढी परत दे." आणि वळली. वळल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले ते कमळाबाईंना दिसले नाहीत, मला दिसले.

दौंडहून चौफुला, चौफुल्याला गाडी बदलून न्हावऱ्यावरून शिरूर. बाहेर दोन्ही बाजूंना ऊस, आणि मावशी सगळा रस्ता गप्प. न्हावऱ्याच्या पुढं मात्र कंडक्टर एका म्हातारीवर सुट्ट्या पैशांवरून खेकसला, तेव्हा मावशी माझ्या कानाशी लागली: "द्वादशी लागली न्हवं? मग बोलते. हा मेला गाढव हाय!" मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! आमची मावशी परत आली होती.

दुकान सापडलं. आप्पा कातरीनं शर्टाचं कापड कापत होते, आणि मशीनवर बसून त्यांची मुलगी ब्लाउज शिवत होती. चुणचुणीत, डोळ्यांत हसू. मावशीला बघून आप्पा लगबगीनं उठले, चहा सांगितला. मावशी बसलीच नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तांब्यासकट. मशीनचा आवाज बंद झाला.

आप्पांचा चेहरा आधी पडला, मग तापला. "काल तर चांगलं म्हणत होतात!"

"काल माझा उपास हुता."

"उपास? कसला उपास?"

मावशीनं समजावायचा प्रयत्न केला. पण तोंडाची एकादशी, शिरा, द्वादशी, हे तापलेल्या माणसाला पहिल्या फेरीत कसं पटावं? आप्पांना वाटलं, ही बाई कुणीतरी स्थळ मोडायला पाठवली. तसं करणारे असतातच. "कुणी पाठवलं तुम्हाला?" ते माझ्याकडं बघून म्हणाले, "आन् बाई, काल तर तुम्हीच म्हणालात, ह्या खोटं बोलत न्हाईत. आज बोलतायत की काल बोलल्या?"

मी कापडाच्या गठ्ठ्यांकडं बघू लागले.

मावशी शांतपणे म्हणाली, "आप्पा, माझ्यावर इश्वास ठिवू नगा. पोराच्या आईला सांगून आलेय. तिलाच इचारा. कॉलनीच्या फाटकाशी किराणा दुकान हाय, तिथं फोन हाय. पीपी नंबर देते."

शेजारीच पिवळा एसटीडी बूथ होता. आप्पांनी फोन लावला, दुकानदार म्हणाला बोलावतो, दहा मिनिटांनी करा. ती दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. चहा आला, मावशीनं हात लावला नाही. मुलगी मशीनवरून उठली नाही, नुसती दोऱ्याचं रीळ फिरवत बसली. मी मनात हिशेब करत होते: कमळाबाई 'खोटं आहे' एवढं म्हणाल्या की संपलं. आई आहे ती. का नाही म्हणणार? मग रविवारी सुपारी फुटणार, आणि मावशी कॉलनीभर स्थळमोडी ठरणार.

आप्पा पुन्हा बूथमध्ये गेले. काचेतून आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. एक प्रश्न विचारला असेल नसेल, मग नुसतेच फोन धरून उभे. बाहेर आले तेव्हा टोपी हातात होती.

"काय म्हणाल्या?" हे मुलीनं विचारलं.

"म्हणाल्या, द्वारका सांगती ते समदं खरं हाय." आप्पा टोपीची घडी घालत होते. "आन् म्हणाल्या, तिनं सांगितलं ते बरं केलं, माझ्याच्यानं सांगवलं नसतं."

मावशी मटकन बाकावर बसली आणि लहान मुलासारखी रडली. मुलगी उठली, पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिच्या पाया पडली. मग मावशीनं गार झालेला चहा प्यायला, आणि म्हणाली, "साखर कमी हाय." तेच तिचं द्वादशीचं पारणं.

त्या मुलीचं पुढं चांगल्या घरी लग्न झालं. पत्रिका मावशीला आली, मला नाही.

आम्ही दौंडला परतल्यावर प्रकाश झिंगत मावशीच्या दारात आला आणि नको नको ते बोलला. मावशी म्हणाली, "प्यायला नसशील तवा ये, चहा करते." चार दिवसांनी आला, खाली मान घालून चहा प्याला. तो एकदम सुधारला बिधारला नाही. सुटायची, परत लागायची. पण तांब्या पुन्हा उडाला नाही. काही वर्षांनी त्याचंही लग्न झालं, तेव्हा मुलीकडच्यांना सगळं आधी सांगितलं ते खुद्द कमळाबाईंनी.

कमळाबाई मात्र मावशीशी आठ महिने बोलल्या नाहीत. मावशी प्रत्येक द्वादशीला त्यांच्या कट्ट्यावर शिऱ्याची वाटी ठेवून यायची. मी म्हणायची, "आता कशाला? जे बोललात ते खरंच होतं ना?" ती म्हणायची, "खरं हुतं, पर तिच्या पोराचं हुतं." संध्याकाळी वाटी परत यायची. धुतलेली, रिकामी, कट्ट्यावर पालथी. शेजारणीची वाटी रिकामी परत करणं म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

आठव्या महिन्यात वाटी सुलटी आली. आत शेंगदाण्याची चटणी, तिखटजाळ. मावशीनं बोट लावलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि पलीकडून कमळाबाईंचा आवाज आला, "आठ म्हैने तुला शिव्या घातल्यात द्वारके, शिऱ्यानं भागायचं न्हाई!" त्या दिवशी दोघी व्हरांड्यात बसून इतक्या हसल्या, की माझ्या फळीवरचे कप हलले.

त्यानंतर मावशीनं नेमात एक कलम वाढवलं. कुणी विचारलं तर पुरतं खरं सांगायचं, एकादशी असो की काही असो. न विचारता चव घ्यायची नाही. "आधी मला माझं मन साफ ठिवायचं हुतं," ती म्हणाली, "त्यात माझंच कवतिक जास्ती हुतं."

मावशी रिटायर झाली तेव्हा कॉलनीत अशी दारं थोडी होती, जिथं तिची वाटी पोचली नव्हती. त्यातलं एक माझं. अकरा वर्षांत मला एकदाही शिरा आला नव्हता. मी ते अभिमानानं सांगायची, की मावशी माझ्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. जायच्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली, हातात पाच शेरांचा स्टीलचा डबा. झाकण काढलं. काठोकाठ शिरा.

"हे काय?"

"अकरा वर्साचं हाय, बाई. एकदमच आणलं. तुमच्याबद्दल दर एकादशीला त्वांड सुटायचं. दर येळंला कुठनं रवा आणू?"

मी हसायला लागले. ती हसत होती, पण डोळे माझ्यावरून काढले नाहीत.

"काय बोलायचात?" मी विचारलं. आणि तिच्या नव्या कलमाप्रमाणे तिनं सांगितलं.

"हेच, की बाई साऱ्या दौंडाला साऱ्यांचं सांगत्यात, आन् ज्याला सांगायचं त्याला माझ्या दारी धाडलं. तेबी एकादशीला. भिंत पातळ हाय, बाई. आप्पांना तुम्ही काय म्हणालात ते समदं ऐकलं हुतं मी."

नंतर तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि गेली. प्रकाशनं सामान टेम्पोत चढवलं. कमळाबाई तिला पोचवायला सोबत बसल्या होत्या; टेम्पो वळेपर्यंत दोघींची वटवट ऐकू येत होती. मी डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. शिरा सुरेख झाला होता. मी मात्र एका घासावर झाकण लावलं.

रिकामा डबा परत करायचा नसतो. तो माझ्या फळीवर चार महिने होता. कपांच्या शेजारी. रोज दिसायचा.

मग एका द्वादशीला मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी म्हणून शिरा केला आणि बसनं वडगाव रासाईला गेले. मावशी अंगण झाडत होती. केर स्वतःच्याच उकिरड्यावर नेऊन टाकत होती. मला बघून तिनं खराटा टाकला, खाट आडवी केली, डब्याचं झाकण काढलं, आणि खो खो हसली.

"आगं बया! काय बोललात माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "बोलले नाही. करायचं ते केलं नाही, त्याचा आहे." आणि सगळं सांगितलं. की त्या दिवशी एकादशी आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळीच नळ वाजला होता. मला वाईटपणा घ्यायचा नव्हता, आणि तुम्ही बोलणार नाही हेही माहीत होतं. म्हणून त्या बापाला तुमच्याकडं पाठवलं. त्या मुलीचं काय होईल, याचा विचार मी भिंतीला कान लावून केला. हे मी मिस्टरांनाही सांगितलेलं नाही.

मावशी खाटेवर मांडी घालून बसली होती. डब्यातून बोटांनी शिरा खात खात ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, मधे एकदाही तिनं मला थांबवलं नाही, की "जाऊ द्या हो" म्हणाली नाही. माझं संपल्यावर तिनं बोटं चाटली, डबा माझ्याकडं सरकवला.

"वेलदोडा कमी हाय," ती म्हणाली. "पर आज झोप लागंल तुम्हाला."

लागली. परतीच्या एसटीतच लागली, ती थेट दौंड येईपर्यंत.